शितावरून भात? कॉलेज फुटबॉलच्या पहिल्या सामन्याविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील विद्यापीठांचा फुटबॉल हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक एकाच गोष्टीविषयी असतात: पहिला सामना झाला, आता आमच्या संघाचे काय समजायचे? ज्यांची मुले-भाचरे तिकडे शिकतात त्यांची पत्रे यात अधिक असतात. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल, म्हणजे लंबगोल चेंडूचा, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडूंचा आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याचा खेळ, एवढे नव्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न: माझा भाचा इंडियाना राज्यात साउथ बेंड येथे नोटर डेम विद्यापीठात शिकतो. २०२४चा पहिला सामना त्यांच्या संघाने जिंकला त्याच दिवशी त्याने मला कळवले, ‘मामा, यंदा आपण अंतिम सामना खेळणार.’ पुढच्याच आठवड्यात तो संघ घरच्या मैदानावर एका फारशा नाव नसलेल्या संघाकडून हरला, तेव्हा मी त्याला यथेच्छ चिडवले. जानेवारीत मात्र संघ खरोखरच अंतिम सामन्यात उतरला. भाचा म्हणतो, मी पहिल्याच दिवशी ओळखले होते. मी म्हणतो, आंधळ्याच्या हाती बटेर लागली. पैज मिसळीची आहे. न्याय आपण करावा. (सातारा)

उत्तर: न्याय करण्यापूर्वी साक्षीपुरावे पाहू. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी नोटर डेमचा संघ (नाव फ्रेंच वळणाचे असले तरी तिकडे उच्चार असाच करतात) टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या कायल फील्डवर खेळला. त्या रात्री तेथे एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक होते. वानखेडे मैदान तीनदा भरले तरी एवढी माणसे होत नाहीत, आणि त्यातले जवळजवळ सगळे पाहुण्यांच्या विरोधात ओरडत होते. मध्यंतराला ६-६, चौथ्या सत्रात १३-१३, आणि अखेर नोटर डेमच्या बाजूने २३-१३ असा निकाल लागला. आपल्या भाच्याने हा निकाल पाहिला आणि भविष्य वर्तवले.

मात्र निकालाच्या आत काय होते ते पाहावे. नोटर डेमचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, रायली लेनर्ड त्या मोसमात ड्यूक विद्यापीठातून नव्याने आलेला होता. त्याने ३० वेळा चेंडू फेकला, त्यातील १८ फेकी झेलल्या गेल्या आणि त्यांतून एकूण १५८ यार्ड मिळाले. फेकीतून टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या सीमेपार नेऊन मिळणारे सहा गुण, एकही झाला नाही. आक्रमणाची ही बाजू लंगडी होती आणि ते त्याच रात्री दिसत होते. दुसरी बाजू याच्या अगदी उलट होती: कागदावर कच्ची, पण सामना पुढे सरकला तशी भक्कम होत गेलेली. चेंडू नेणाऱ्याला वाट करून देणारी आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणारी जी पाच जणांची आघाडीची फळी असते, त्या फळीतील पाचही जणांनी तोपर्यंत महाविद्यालयीन पातळीवर सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांची बेरीज अवघी सहा होती. डाव्या टोकावर, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागच्या बाजूला, चार्ल्स जगूसा खेळणार होता. पण ऑगस्टच्या सरावात त्याच्या छातीचा स्नायू फाटला आणि ती जागा अँथनी नॅप या पहिल्या वर्षाच्या मुलाला मिळाली. काही महिन्यांपूर्वी शाळेत असलेला हा मुलगा त्या गोंगाटात उभा राहिला. गोंगाटामुळे क्वार्टरबॅकचा पुकारा ऐकू येत नाही, त्यामुळे चेंडू केव्हा सुटतो हे टोकाच्या खेळाडूला मान वळवून पाहावे लागते, आणि तेवढ्या अर्ध्या क्षणात समोरचा खेळाडू अंगावर आलेला असतो.

सामन्यातील महत्त्वाचा भाग शेवटच्या काही मिनिटांत आला. बरोबरी असताना नोटर डेमने ८ खेळींमध्ये ८५ यार्ड पार केले आणि १ मिनिट ५४ सेकंद उरले असताना जेरेमाया लव्ह २१ यार्ड धावून सीमापार गेला. पहिल्या सत्रात चाचपडणारी ती कच्ची फळी चौथ्या सत्रात, सर्वजण थकलेले असताना, समोरच्यांना मागे रेटत होती. ज्याला संघाची परीक्षा करायची आहे त्याने त्या रात्री वहीत दोनच ओळी लिहायला हव्या होत्या. पहिली ओळ: फळी हंगामभर सुधारत जाईल. दुसरी: फेक कच्ची आहे आणि कोणीतरी ती उघडी पाडेल.

दुसरी ओळ सातच दिवसांत खरी ठरली. ७ सप्टेंबरला नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाने नोटर डेमला त्यांच्याच मैदानावर १६-१४ असे हरवले. लेनर्डच्या दोन फेकी प्रतिस्पर्ध्यांनी पकडल्या आणि ३१ सेकंद उरले असताना ३५ यार्डांवरून मारलेल्या फील्ड गोलने, म्हणजे चेंडू लाथेने गोलखांबांमधून धाडून मिळणाऱ्या तीन गुणांनी, निकाल फिरवला. पहिल्या ओळीला खरे ठरायला चार महिने लागले. त्या पराभवानंतर संघाने सलग १३ सामने जिंकले, त्यांत बाद फेरीतील इंडियाना, जॉर्जिया आणि पेन स्टेट यांच्यावरील विजयही होते, आणि २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटा येथील अंतिम सामन्यात ओहायो स्टेटकडून ३४-२३ असा पराभव पत्करला. उपांत्य सामन्यात नॅपचा घोटा दुखावला होता, त्यामुळे त्या शेवटच्या रात्री डाव्या टोकावर पुन्हा जगूसा उभा होता, ज्याच्या दुखापतीपासून हे सगळे सुरू झाले होते.

आता न्याय. भाच्याने विजय पाहिला, मामांनी पराभव पाहिला. दोघांनीही खेळ पाहिला नाही, फलक पाहिला. भाच्याचे भाकीत खरे ठरले, पण त्यामागचे कारण त्याला ठाऊक होते असे आपल्या पत्रावरून वाटत नाही. मिसळ दोघांनी आपापल्या पैशांनी खावी.

प्रश्न: मी निवृत्त क्रीडाशिक्षक असून पस्तीस वर्षे मुलांना कबड्डी शिकवली. हल्ली नातवाबरोबर हे सामने पाहतो. चेंडू कोठे गेला हेच अर्ध्या वेळा कळत नाही. आपण ज्या ‘फळी’विषयी वारंवार लिहिता ती नेमकी पाहायची कशी? (सांगली)

उत्तर: सर, आपल्याला हे इतरांपेक्षा लवकर जमेल. चढाई करणारा खेळाडू आत आला की नवखा प्रेक्षक त्याचे हात पाहतो. आपण मात्र पकड करणाऱ्यांचे पाय पाहत असणार, साखळी कोठे तुटते, कोपरारक्षक किती खाली बसला आहे, हे पाहत असणार. येथेही तेच करायचे. चेंडू कोठे गेला याची पहिली दोन सेकंद अजिबात पर्वा करू नये.

आक्रमण करणाऱ्या संघात चेंडूच्या दोन्ही अंगांना वाकून बसलेले पाच अवाढव्य खेळाडू दिसतील. त्यांच्या पाठीवर ५० ते ७९ यांमधील क्रमांक असतात, त्यामुळे ते ओळखणे सोपे जाते. चेंडू मागे सरकला की हे पाच जण आणि समोरचे चार-पाच जण एकमेकांवर आदळतात. त्या क्षणी डोळ्यांपुढे एक आडवी रेषा धरावी आणि ती रेषा कोणाच्या बाजूला झुकली एवढेच पाहावे. पाच जणांचे पाय पुढे पडत असतील आणि समोरच्यांची टाच मागे टेकत असेल, तर चेंडू नेणाऱ्याला त्या खेळीत दोन यार्ड मिळोत की वीस, फळीने आपले काम केले आहे. क्वार्टरबॅक फेकीसाठी मागे जातो तेव्हा हे पाच जण मुद्दाम मागे सरकतात. तेव्हा ते सावरून, कमरेत वाकून, छोट्या पावलांनी मागे जातात की ढकलले जाऊन सरळ उभे होतात, ते पाहावे. कमरेतून सरळ झालेला खेळाडू हरलेला असतो, हे तर आपणच मुलांना शिकवले असेल.

यासाठी सर्वांत चांगला क्षण म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात एकच यार्ड हवा असताना होणारी खेळी. तेथे चाल लपवायला फारसा वाव नसतो. कोण धावणार हे मैदानावरील सर्वांना ठाऊक असते, आणि तरीही तो यार्ड मिळतो की नाही यावर संघाचे बळ कळते.

पहिल्या सामन्यातील निकालापेक्षा ही रेषा अधिक खरे बोलते असे मी म्हणतो, त्याला दोन उदाहरणे पुरेशी आहेत. २४ ऑगस्ट २०२४ रोजी आयर्लंडमधील डब्लिन येथे फ्लोरिडा स्टेट आणि जॉर्जिया टेक यांचा सामना झाला. आदल्या हंगामात शेवटच्या सामन्यापर्यंत अपराजित राहिलेला फ्लोरिडा स्टेटचा संघ तेव्हा देशात दहाव्या क्रमांकावर धरला जात होता. तो २४-२१ असा, शेवटच्या क्षणीच्या फील्ड गोलने हरला. तीन गुणांचा पराभव म्हणजे दुर्दैव, असे पुष्कळांनी म्हटले. पण जॉर्जिया टेकने धावून १९० यार्ड काढले होते आणि फ्लोरिडा स्टेटला शंभरही गाठता आले नव्हते. रेषा एकाच बाजूला झुकत होती. तो संघ त्या हंगामात १२ पैकी २ सामने जिंकला. येथे एका शितावरून भाताची परीक्षा अगदी बरोबर झाली असती.

दुसरे उदाहरण कोलोरॅडोचे. २०२२मध्ये १२ पैकी ११ सामने हरलेला हा संघ डिऑन सँडर्स या नव्या प्रशिक्षकाकडे सोपवला गेला आणि २ सप्टेंबर २०२३ रोजी त्याने टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाला त्यांच्या मैदानावर ४५-४२ असे हरवले. प्रशिक्षकांचाच मुलगा शेडूर याने ५१० यार्डांच्या फेकी केल्या आणि सगळा देश वेडा झाला. त्या गदारोळात एक आकडा कोणी वाचला नाही: धावून मिळालेले यार्ड फक्त ५५. फळी कोणालाही हलवू शकत नव्हती, सारा भार एका मुलाच्या खांद्यावर होता. कोलोरॅडोने पहिले तीन सामने जिंकले, चौथ्यात ओरेगनने त्यांना ४२-६ असे झोडपले, हंगामभरात त्या क्वार्टरबॅकला पन्नासहून अधिक वेळा जमिनीवर पाडण्यात आले आणि शेवट चार विजय, आठ पराभव असा झाला. पहिले पाढे पंचावन्न हा वाक्प्रचार इतक्या चपखलपणे वापरण्याची संधी मला पुन्हा मिळेल असे वाटत नाही.

प्रश्न: माझी मुलगी येथील विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. सामन्यानंतर वर्तमानपत्रात आकड्यांचा भला मोठा तक्ता येतो. त्यातले कोणते आकडे पहिल्या सामन्यानंतर विश्वासार्ह मानावेत? (ह्यूस्टन)

उत्तर: जे पुन्हा घडण्याची शक्यता आहे ते मानावेत आणि जे नशिबाने घडले ते बाजूला ठेवावेत. हातातून निसटलेला चेंडू हे नशिबाचे ठळक उदाहरण. चेंडू निसटणे हा काही प्रमाणात दोष आहे. पण निसटलेला चेंडू जमिनीवर कसाही उसळतो, कारण तो गोल नसतो, आणि तो कोणाच्या हाती पडेल हे बव्हंशी छापा-काट्यासारखे असते. ज्या संघाने पहिल्या सामन्यात असे तिन्ही चेंडू मिळवले त्याच्या प्रशिक्षकाने कितीही छाती फुगवली तरी पुढच्या सामन्यात तेच घडेल याची खात्री नाही. प्रतिस्पर्ध्याचा पंट (चेंडू लाथेने दूर धाडण्याची खेळी) अडवून किंवा किक परत आणून मिळालेले गुणही याच खात्यात जातात.

विश्वासार्ह आकडा म्हणजे प्रत्येक खेळीमागे मिळालेले सरासरी यार्ड. एकूण यार्ड फसवतात, कारण एका संघाने ८० खेळी केल्या आणि दुसऱ्याने ५५, तर एकूण आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. त्याहून चोख मोजमाप म्हणजे यशस्वी खेळींचे प्रमाण. तिकडचे विश्लेषक ते असे मोजतात: पहिल्या प्रयत्नात हव्या असलेल्या अंतरापैकी निम्मे, दुसऱ्यात सत्तर टक्के, आणि तिसऱ्या किंवा चौथ्यात पूर्ण अंतर मिळाले तर ती खेळी यशस्वी धरायची. दहा यार्ड हवे असताना पहिल्या प्रयत्नात पाच मिळाले तर यश; तिसऱ्या प्रयत्नात नऊ हवे असताना आठ मिळाले, तर टाळ्या कितीही पडोत, अपयश. आपली मुलगी पेन्सिल घेऊन बसली तर एका सामन्याचा हा हिशोब घरीच होतो, आणि छापील तक्त्यापेक्षा तो अधिक शिकवतो.

एक पथ्य मात्र पाळावे. तीस-पस्तीस गुणांची आघाडी मिळाल्यावर दोन्ही प्रशिक्षक राखीव मुलांना उतरवतात. तेव्हापासूनच्या खेळी हिशोबातून काढून टाकाव्यात.

प्रश्न: मोठे संघ पहिलाच सामना दुबळ्या संघाशी का ठेवतात? आणि अशा सामन्यातून काही कळते का? (नागपूर)

उत्तर: ठेवतात, कारण पैसा आणि सोय दोन्ही त्यात आहे. मोठ्या विद्यापीठाला घरच्या मैदानावर एक सामना अधिक मिळतो आणि तिकिटांचे उत्पन्न येते. लहान विद्यापीठाला त्यातील ठरलेली रक्कम मिळते आणि तिच्यावर त्याच्या इतर खेळांचाही खर्च भागतो. २००७मध्ये मिशिगनने अ‍ॅपलॅचियन स्टेटला अशा सामन्यासाठी ४ लाख डॉलर दिले होते. वर उल्लेखिलेल्या सामन्यासाठी नोटर डेमने नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख डॉलर दिले. दोन्ही वेळा पाहुणे पैसेही घेऊन गेले आणि सामनाही.

१ सप्टेंबर २००७चा तो मिशिगनचा सामना अजूनही पहिल्या सामन्याचा मानदंड मानला जातो. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर, मैदानात एक लाख नऊ हजार प्रेक्षक, आणि समोर एका पायरीने खालच्या गटातील संघ. अ‍ॅपलॅचियन स्टेट ३४-३२ असा जिंकला. सहा सेकंद उरले असताना मिशिगनचा ३७ यार्डांचा फील्ड गोल अडवला गेला. लोकांनी ‘दुबळा संघ’ हे दोन शब्द तेवढे लक्षात ठेवले. वस्तुतः अ‍ॅपलॅचियन स्टेटने २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षे आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले होते आणि २००७मध्ये तिसरेही मिळवले. ते चपळ होते, त्यांचा क्वार्टरबॅक स्वतः धावत होता, आणि मिशिगनचे बचावपटू त्याच्या मागे सैरभैर झाले होते. पुढच्या आठवड्यात ओरेगननेही धावणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जोरावर मिशिगनला ३९-७ असे लोळवले. म्हणजे पहिल्या सामन्यात दिसलेला रोग खरा होता. तरीही तो संघ सावरला, त्याने लागोपाठ आठ सामने जिंकले आणि १ जानेवारी २००८ रोजी फ्लोरिडाला ४१-३५ असे हरवून नऊ विजय, चार पराभव अशी अखेर केली.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. मोठा संघ अशा सामन्यात पन्नास गुणांनी जिंकला तर त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. झगडून जिंकला किंवा हरला तर पुष्कळ कळते. नॉर्दर्न इलिनॉयचेच पाहा: नोटर डेमला हरवण्यापूर्वीच्या आठवड्यात त्यांनी आपला पहिला सामना खालच्या गटातील वेस्टर्न इलिनॉयविरुद्ध ५४-१५ असा जिंकला होता, आणि त्या निकालाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते, ते योग्यच होते. मात्र साउथ बेंडचा पराक्रम गाजवून आलेला हाच संघ त्यानंतरच्या सामन्यात घरच्या मैदानावर बफेलोकडून जादा वेळेत हरला, हेही सांगायला हवे.

प्रश्न: पहिल्या सामन्यानंतर क्रमवारीत संघ एकदम वर-खाली जातात. त्या क्रमवारीला किती महत्त्व द्यावे? आपला अंदाज कधी चुकला आहे का? (नाशिक)

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, म्हणजे पहिल्याचे सोपे होईल. ४ सप्टेंबर २०१६ रोजी टेक्सस विद्यापीठाने नोटर डेमला दोन जादा डावांनंतर ५०-४७ असे हरवले. कित्येक वर्षे मरगळलेला टेक्ससचा संघ परत आला, असे दूरचित्रवाणीवरील समालोचकांनी तेथल्या तेथे जाहीर केले आणि मीही उत्साहाच्या भरात जवळच्या मित्रांना तेच ठासून सांगितले. टेक्ससने तो हंगाम पाच विजय आणि सात पराभवांनी संपवला, त्यातला एक पराभव १९३८ नंतर प्रथमच कॅन्सस विद्यापीठाकडून झाला, आणि प्रशिक्षकांची नोकरी गेली. नोटर डेमचे तर चारच विजय झाले. दोन कमकुवत बचाव एकमेकांसमोर आले की सामना रंगतो, गुणांचा पाऊस पडतो आणि दोन्ही आक्रमणे महान वाटू लागतात. ९७ गुण पाहून मला शंका यायला हवी होती. माझे ते मित्र अजूनही दर सप्टेंबरला न चुकता विचारतात, ‘काय, टेक्सस आला का परत?’

क्रमवारीची अडचण हीच आहे. पत्रकारांच्या मतांवर आधारलेली ही क्रमवारी १९३६पासून प्रसिद्ध होते, आणि हंगामापूर्वीची यादी कोणताही सामना न पाहता, आदल्या वर्षाच्या आठवणीवर केलेली असते. कोलोरॅडोने हरवलेला टेक्सस ख्रिश्चनचा संघ तेव्हा सतराव्या क्रमांकावर होता, कारण आठ महिन्यांपूर्वी तो राष्ट्रीय अंतिम सामना खेळला होता. त्यातले महत्त्वाचे खेळाडू मात्र निघून गेले होते, आणि तो संघ त्या वर्षी पाच विजय, सात पराभवांवर थांबला. कोलोरॅडोने सतराव्या क्रमांकाच्या संघाला नव्हे, त्या क्रमांकाच्या वस्त्रातील एका सामान्य संघाला हरवले होते, हे डिसेंबरमध्ये कळले. याउलट नोटर डेमने कायल फील्डवर हरवलेला संघ आठ सामने जिंकला, त्यामुळे त्या विजयाची किंमत पुढे टिकून राहिली. पहिल्या सामन्याचे मूल्यमापन त्या दिवशी पूर्ण होतच नाही. प्रतिस्पर्धी पुढे कसा खेळतो, त्यानुसार ते महिनोन्‌महिने बदलत राहते. म्हणून मी मत पेन्सिलीने लिहितो आणि तिसऱ्या-चौथ्या सामन्यानंतर एकदा गिरवतो.

प्रश्न: इतर खेळांत हंगामापूर्वी सरावाचे सामने होतात. येथे का होत नाहीत? (ठाणे)

उत्तर: व्यावसायिक संघांचे होतात, विद्यापीठांचे नाहीत. विद्यापीठांचे संघ वसंत ऋतूत आपल्याच खेळाडूंचे दोन गट करून खेळतात आणि ऑगस्टमध्ये बंद दाराआड सराव करतात, तेवढेच. शिवाय २०२१पासून विद्यार्थी-खेळाडूला एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेल्यावर वर्षभर बसून राहावे लागत नाही, त्यामुळे कित्येक संघांत निम्मी फळी नवी असते. पहिल्या सामन्यात दिसणारे गैरसमज, चुकीच्या वेळी घेतलेले विश्राम, दहाच खेळाडू मैदानात असणे, यांतील बहुतेक गोष्टी तिसऱ्या आठवड्यापर्यंत निस्तरतात. त्यांच्यावरून संघाला मोडीत काढू नये.

प्रश्न: मुलासाठी मी हे सामने पाहते, पण ते आपल्याकडे भल्या पहाटे असतात आणि सोमवारी मला लवकर कामावर जायचे असते. संपूर्ण सामना पाहणे शक्य नसेल तर कोणता भाग पाहावा? (मुलुंड)

उत्तर: आपली सोय आणि परीक्षणाची गरज सुदैवाने जुळतात. नोटर डेम आणि टेक्सस ए अँड एम यांचा तो सामना टेक्ससमध्ये शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे रविवारचे पहाटेचे पाच वाजले होते. बहुतेक मोठे सामने साडेतीन तासांच्या आसपास चालतात. त्यातला पहिला अर्धा तास झोपेत घालवला तरी फार बिघडत नाही. अनेक प्रशिक्षक सुरुवातीच्या पंधरा-वीस खेळींचा क्रम आधीच कागदावर ठरवून ठेवतात आणि मुलांनी तो ऑगस्टभर घोटलेला असतो. त्यामुळे पहिली चढाई, म्हणजे चेंडू हाती आल्यापासून तो जाईपर्यंतच्या खेळींची पहिली मालिका, पाठांतराच्या स्पर्धेसारखी असते. डब्लिनच्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटने पहिल्याच चढाईत टचडाउन केला होता, आणि तेवढेच पाहून जो झोपला असेल त्याला सकाळी निकाल वाचून धक्का बसला असेल.

मध्यंतर वीस मिनिटांचे असते. त्या वेळात दोन्ही बाजू समोरच्याने काय केले ते फळ्यावर मांडतात आणि तिसऱ्या सत्राची पहिली चढाई हे त्याचे उत्तर असते. तेथून पाहायला बसावे. पाचला सुरू होणाऱ्या सामन्यासाठी पावणेसातचा गजर लावावा, चहा टाकावा, आणि पडद्यावर दोन्ही फळ्या वाकून बसल्या की डाव्या टोकावरच्या मुलाचे पाय पाहायला सुरुवात करावी.